अकरा सेकंदांचा बोगदा

१

आमच्या घरातून गाडी रोज दुपारी चारला सुटायची. चहाचा कप विसळून ठेवला की मी मागच्या खोलीत जायचो, आणि माझ्या मागोमाग सुचेता, माझी बायको, पदराला हात पुसत दाराशी येऊन उभी राहायची.

आम्ही भाईंदर पश्चिमेला तिसऱ्या मजल्यावर राहतो. मुलीच्या लग्नानंतर मागची खोली रिकामी झाली आणि मी तिथे आठ फूट बाय चार फूट प्लायवूडवर रेल्वे वसवली. खेळण्यातली नव्हे. हा शब्द कोणी वापरला की माझं डोकं फिरतं. खऱ्या रेल्वेपेक्षा सत्त्याऐंशीपट लहान, पण मापाला चोख. मी छत्तीस वर्षं मराठवाड्यात एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांत स्टेशनमास्तर होतो, त्यामुळे दुसरं काही मला येतही नव्हतं.

भाईंदरहून उत्तनला रेल्वे कधी गेलीच नाही. ती मी नेली. भाईंदर, मुर्धा, राई, मोर्वा, मग डोंगरीच्या टेकडीखालून बोगदा आणि पलीकडे उत्तन. मिठागरांत खरं मीठ आहे, वर वार्निशचा हात. रुळांखालची खडी म्हणजे उत्तनच्या किनाऱ्यावरची वाळू, चहाच्या गाळणीतून तीनदा गाळलेली. त्या गाळणीवरून घरात जे झालं ते अजून मिटलेलं नाही. काठ्यांवर बोंबील वाळत घातलेत, ते पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे. पहिले चाळीस मी चिकटवले तेव्हा सुचेता म्हणाली, "रिकामा न्हावी, भिंतीला तुंबड्या लावी!" आणि चष्मा पुसून उरलेले तीनशे तिनेच लावले.

टेकडी थर्माकोलची, वर प्लास्टर आणि रंगवलेला लाकडाचा भुसा. ती झाकणासारखी उचलता येते, नाहीतर आत गाडी घसरली तर काढणार कशी?

एकेरी मार्गाचा एक नियम असतो. एका सेक्शनात, म्हणजे दोन स्टेशनांमधल्या मार्गावर, एका वेळी एकच गाडी. त्यासाठी टोकनचा गोळा असतो. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, आणि एक गोळा बाहेर असताना स्टेशनातल्या यंत्रातून दुसरा निघत नाही. हे आमच्या हाडीमाशी भिनलेलं. घरात गोळ्याच्या जागी पडद्याची जुनी पितळी कडी होती, तिला सुचेताने लाल दोरा बांधलेला. ती दारात उभी राहून गोळा देणाऱ्या पॉइंट्समनसारखा हात लांब करायची, मी कडी घेऊन बोटात घालायचो आणि वेगाचा नॉब चारवर न्यायचो. गाडी बोगद्यात शिरायची. अकरा सेकंदांनी उत्तनच्या बाजूने बाहेर पडायची आणि सुचेता ओरडायची, "आली!" मग मी कडी परत करायचो. नऊ वर्षं हे चाललं. सण असो, सुतक असो, पाहुणे असोत, चारची गाडी कधी चुकली नाही.

२

फेब्रुवारीतल्या एका दुपारी गाडीने चौदा सेकंद घेतले.

मी मोजत होतो असं नाही. पण ज्याने आयुष्यभर गाड्यांच्या वेळा लिहिल्या त्याच्या डोक्यात घड्याळ बंद होत नाही. मी म्हटलं, रुळांवर कचरा असेल. खोबरेलाचा हात लागला असेल. स्पिरिटने रूळ पुसले, चाकं पुसली, वायरींचे जोड तपासले. दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन बसलो. पंधरा.

टेकडी उचलून बाजूला ठेवली आणि गाडी सोडली. अकरा. टेकडी ठेवली. पंधरा. पुन्हा उचलली. अकरा.

थर्माकोलच्या टेकडीला काय वजन असणार? ती रुळांना कुठे टेकतसुद्धा नाही. मी सुचेताला काही बोललो नाही, कारण ती म्हणाली असती की डोळे तपासून घ्या. त्या वेळी मला ती अडचण रुळांची वाटत होती, आणि रुळांची अडचण सोडवण्यात मला सुख वाटतं हे कबूल केलं पाहिजे. आठवडाभर मी मजेत होतो.

महिनाअखेर एकोणीस सेकंद झाले. मग मी कॅमेरा काढला. मिनलने, आमच्या मुलीने, वाढदिवसाला दिलेला अंगठ्याएवढा कॅमेरा. तो इंजिनावर बसवला की ड्रायव्हरला दिसतं तसं सगळं फोनवर दिसतं आणि साठवूनही ठेवता येतं. गाडी आत गेली, मी स्टॉपवॉच दाबलं. एकोणीस सेकंदांनी ती बाहेर आली. मग मी चित्रण पाहिलं. बोगद्याचं तोंड, अंधार, पलीकडचं तोंड. अंधार किती सेकंदांचा, ते खाली आकड्यांत येत होतं.

अकरा सेकंद.

मी ते सात वेळा पाहिलं. बाहेर एकोणीस झाले होते आणि आत अकराच. कॅमेरा स्वस्तातला आहे, असं मी स्वतःला सांगितलं आणि फोन खिशात टाकला.

३

इतके दिवस मी बोगद्याच्या तोंडाकडे बघत होतो. दाराकडे बघायचं मला सुचलंच नाही.

त्या दिवशी सुचेता बोलत होती. समोरच्या जितेशच्या बायकोने दिलेल्या खाकऱ्यांबद्दल काहीतरी. "इतके पातळ लाटते ती, की," असं म्हणाली आणि गप्प झाली. गाडी आत गेलेली होती. मला वाटलं शब्द शोधतेय. पण शांतता फार लांबली म्हणून मी मान वळवली.

ती दारात उभी होती. डोळे उघडे होते, ओठ अर्धवट, हात चौकटीवर. पण त्या चेहऱ्यात कोणी नव्हतं. ते कसं सांगू? माणूस झोपला तरी घरात असतो. ही घरात नव्हती. मला उठवेना. पलीकडून चाकांचा आवाज आला, गाडी उत्तनला बाहेर पडली आणि सुचेता म्हणाली, "की पलीकडचं दिसावं! आली!" मग माझ्याकडे बघून, "असे काय बघताय भूत बघितल्यासारखे?"

स्टॉपवॉचवर सव्वीस सेकंद होते.

डॉक्टरांनी स्कॅन केला. काही सापडलं नाही. "मेंदूची क्षणभराची गैरहजेरी असते, या वयात होतं कधीकधी," ते म्हणाले. गैरहजेरी नेमकी केव्हा होते असं त्यांनी विचारलं तेव्हा मी "दुपारी" एवढंच सांगितलं. बाकीचं सांगितलं असतं तर त्यांनी माझाच स्कॅन काढला असता.

मी गाडी बंद केली. एक दिवस, दोन, आठ दिवस. सुचेता ठणठणीत. वाक्यं पुरी करत होती, नेहमीसारखं दर चार दिवसांनी आमटीत मीठ जास्त टाकत होती. इथेच थांबलो असतो तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

पण तीच मागे लागली. चार वाजले की कडी घेऊन दारात. "अहो, गाडीवर रागावलात का माझ्यावर?" रविवारी मिरा रोडहून मिनल आली. तिला मी शेवटी सगळं सांगितलं. ती हसली, मग माझा चेहरा बघून हसायची थांबली.

"बाबा, आई एकदम ओके आहे. तुम्हीच टेन्शन घेताय. दोन गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून काय झालं? तुम्ही तर किती लॉजिकल आहात यार!"

तेवढं एक वाक्य मला पुरलं. मी म्हटलं, खरंच, आपण काय मांडून बसलोय? एकदाच नीट मोजू. एका हातात स्टॉपवॉच, नजर तिच्याकडे. आकडे जुळले नाहीत की संपलं. विषाची परीक्षा कोणी घेऊन बघत नाही म्हणतात. मी घेतली.

४

बुधवार होता. राईहून अंबिका बुधवारी दुपारच्या फेरीला मासे घेऊन येते, म्हणून वार लक्षात आहे.

सुचेता दारात आली, हात लांब केला, कडीचा लाल दोरा लोंबत होता. माझ्या उजव्या हातात स्टॉपवॉच होतं आणि डावा नॉबवर. कडी घ्यायला हात मोकळा नव्हता. मी म्हटलं, "धर जरा," आणि नॉब फिरवला.

छत्तीस वर्षांत मी टोकनशिवाय एक गाडी सोडली नव्हती. एकही नाही.

गाडी राई सोडून मोर्व्याला आली तेव्हा खालून अंबिकाची हाक आली. सुचेता वळली, कडी तशीच हातात, आणि घाईघाईने म्हणाली, "अहो, दार उघडं ठेवा, मी आत्ता..."

शेवटचा डबा बोगद्यात गेला.

मी सव्वीसपर्यंत मोजलं. चाळीसपर्यंत मोजलं. दोन मिनिटांनी स्टॉपवॉच टाकून दिलं आणि तिला खांद्यांना धरून हलवलं. ती पडली नाही, अडखळली नाही. अर्धी वळलेली, तशीच. मी धावत जाऊन टेकडी उचलली.

खाली नुसते रूळ होते. इंजिन नाही, डबे नाहीत. टेबलाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, वेड्यासारखी गादी उलटीपालटी केली. टेकडी परत जागेवर ठेवली तेव्हा आतून आवाज ऐकू आला. लहान, एकसारखा, रुळांच्या जोडांवरून चाकं जाण्याचा. उचलली की बंद. ठेवली की चालू.

हॉस्पिटलात चार दिवस ठेवलं. सगळे रिपोर्ट चांगले. चमच्याने भरवलं की गिळायची, उठवलं की उठायची, बसवलं की बसायची. उजवी मूठ मात्र कोणाला उघडता आली नाही. बोटांच्या फटीतून लाल दोरा लोंबत होता. नर्स म्हणाली, राहू दे, हाड मोडेल. पाचव्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं आणि दिवाणावर बसवलं. तिने सांगितलं होतं म्हणून मी घराचं दार उघडं ठेवत होतो, दिवसभर. समोरचा जितेश दोनदा येऊन सांगून गेला, "अंकल, दरवाज़ा खुल्ला पड़ा है, बिल्ली घुस जाएगी." मी मान हलवायचो.

मागच्या खोलीतला वीजपुरवठा मी बंद केला नाही. नॉब चारवर होता, तो चारवरच ठेवला. आतल्या घड्याळाने अकराच सेकंद व्हायचे आहेत, एवढाच हिशेब मला धरून होता. ते अकरा संपतील आणि ती येईल. पण बाहेर किती होतील, तास, वर्षं, हे कोणाला विचारणार? रात्रंदिवस मी त्या दोन खोल्यांमध्ये येरझारा घालत होतो आणि माझ्या हातात काहीही नव्हतं.

५

अकराव्या दिवशी मिनलने विषय काढला. काशीगावच्या बाजूला एक ठिकाण आहे, अशी माणसं चांगली सांभाळतात, ती म्हणाली. रडत म्हणाली. "बाबा, तुम्ही सत्तरचे आहात. तुम्हाला झेपणार नाही. उद्या संध्याकाळी गाडी सांगितलीय."

माझ्या सुचेताला त्या टेकडीपासून लांब नेलं तर ती परत येणार कुठे? हे मी मुलीला कोणत्या तोंडाने सांगू?

बाराव्या दिवशी दुपारी चारला मी दुसरं इंजिन काढलं. सेक्शनात गाडी अडकली की मदतीचं इंजिन पाठवतात, पण त्यालाही लेखी परवाना लागतो, दोन्हीकडच्या स्टेशनमास्तरांच्या सह्या लागतात. कारण आत काय आहे आणि कुठे आहे हे कळल्याशिवाय दुसरं काही पाठवायचं नाही. हा नियम मी नव्या पोरांना शिकवलाय. त्या दिवशी मी कागद काढला नाही. मागे काही जोडलं नाही. वर कॅमेरा बसवला, फोन समोर धरला आणि इंजिन सोडलं.

अंधार. इंजिनाच्या दिव्यात प्लास्टरची भिंत, माझ्याच बोटांचे ठसे. तीन सेकंद. चार. मग डावीकडची भिंत संपली.

बोगद्यात एकच रूळ आहे, मीच घातलेला. तरी डाव्या हाताला, शेजारच्या रुळावर, माझी गाडी उभी होती. आधी मागचा लाल दिवा गेला, मग तिसऱ्या डब्याच्या खिडक्या. त्या डब्यात मी कधी माणसं बसवली नव्हती. दुसऱ्या खिडकीतून एक हात बाहेर आलेला होता, लांब केलेला, आणि त्याच्या बोटांत काहीतरी गोल होतं. मी ओरडलो. हात मागे पडला. पुढे फलाटासारख्या कसल्याशा उंचवट्यावर आणखी कोणी बसलं होतं, पाठमोरं, आणि इंजिनाचा दिवा पडताच ते उठायला लागलं.

फोन काळा झाला. इंजिन बाहेर आलं. अकरा सेकंद, बरोबर. मागे काही जोडलेलं नव्हतं तरी ते जड ओझं ओढत असल्यासारखं रांगत आलं आणि उत्तनच्या फलाटाशी थांबलं.

हॉलमधून सुचेताचा आवाज आला, "चहा टाकू का हो?"

मी भिंतीला धरत बाहेर गेलो. ती दिवाणावरून उठून केस नीट करत होती. उजव्या हाताने. मूठ उघडलेली होती आणि तळव्यावर कडीचा गोल वळ होता. कडी नव्हती. लाल दोराही नव्हता. मी गादी झटकली, तिच्या पायाशी वाकून शोधलं.

"काय हरवलं?" तिने विचारलं.

उत्तर देण्याआधी मी रडलो, ते आनंदाने. हेही लिहून ठेवतो. त्या क्षणी मला आनंदच झाला होता.

६

सगळ्यांनाच झाला. डॉक्टरांनी तिला तारखा विचारल्या, नावं विचारली. तिला आमच्या पहिल्या क्वार्टरचा नंबर आठवत होता, मिनलच्या बारशाला कोण कोण आलं ते आठवत होतं. आधीपेक्षा जास्त आठवत होतं. मिनल आईच्या गळ्यात पडून माझ्याकडे बघायची, बघा बाबा, म्हणायची.

आमटी उत्तम व्हायला लागली. एकदाही मीठ चुकलं नाही. पहिला आठवडा मी बोटं चाटत जेवलो. दुसऱ्या आठवड्यात मला घास गिळेना. चाळीस वर्षं ज्या बाईचं मीठ चुकायचं ती अशी एकाएकी कशी सुधारेल? आजारातून उठलेलं माणूस सुगरण होतं का?

ती मागच्या खोलीत पाऊल टाकत नव्हती. चार वाजले की टीव्हीचा आवाज वाढवायची. मी एकदा म्हटलं, "कडी कुठे ठेवलीस गं?" ती म्हणाली, "कसली कडी?" बारशाला आलेल्या बायका जिला आठवत होत्या तिला नऊ वर्षांची कडी आठवत नव्हती. आणि घराचं दार. मी उघडं ठेवायचो, ती येता-जाता लावायची. कडीकोयंडा घालून.

अंबिका बुधवारी आली. सुचेताने बांगडा घेतला आणि आत गेली. अंबिका पाटी उचलायची सोडून दारातच घुटमळली.

"काका, मावशी बरी झाली, चांगला झाला," ती हळूच म्हणाली. "पन तिला मावशी म्हनाला माझा तोंडच होत न्हाय. का ते मना ठाव न्हाय. तुमी रागावू नका हां."

मी रागावलो नाही. मी तिला पाटी उचलायला हात लावला आणि जिन्यापर्यंत गेलो. कोणीतरी दुसऱ्यानेही बोलून दाखवलं म्हणून मला त्या जिन्यात सुटल्यासारखं वाटलं, पण क्षणभरच. कारण ही जर सुचेता नसेल, तर माझी सुचेता अजून आत आहे. तिसऱ्या डब्यात, हात बाहेर काढून. आणि मी दुसऱ्याच कोणाला तरी बाहेर घेऊन आलो.

त्यानंतरच्या रविवारी मिनल म्हणाली, "आईचं म्हणणं आहे, ती खोली रिकामी करू. तिला तिथे गुदमरतं. एक माणूस सगळं न्यायला तयार आहे, बाबा. शनिवारी टेम्पो येईल."

"टेकडी राहू दे," मी म्हटलं.

"टेकडीच आधी," आतून तिची आई म्हणाली.

७

आज शुक्रवार आहे. चार वाजायला आले तेव्हा मी मागच्या खोलीत गेलो आणि टेकडीला कान लावून बसलो. गेला सव्वा महिना मी रोज तसा बसतो. तोच आवाज, लहान, एकसारखा, लांबचा.

आज तो लांबचा नव्हता.

चाकं जवळ येत होती. जोडांवरची खटखट मोठी होत होती, आणि तिच्यात दुसरं काहीतरी बारीक किणकिणत होतं. उत्तनच्या बाजूच्या बोगद्याच्या तोंडात, आत खोल, काळ्या रंगावर पिवळट डाग पडावा तसा उजेड आला.

"बंद करा," मागून आवाज आला.

ती दारात उभी होती. सव्वा महिन्यात पहिल्यांदा त्या दारात. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, येतेय," मी म्हटलं. काय बोलतोय आणि कोणाशी, हे कळत होतं, तरी तोंडातून निघून गेलं.

"माहीत आहे येतेय. रोज ऐकते मी." ती आत आली, माझ्या शेजारी टेबलाला धरून उभी राहिली. "तुम्हीच बोलावलंत ना मला? मी तिथे किती वर्षं बसले होते ते मलाच माहीत नाही. तुम्ही दिवा घेऊन आलात. मी काय वाईट केलं तुमचं? तुमचं पथ्यपाणी बघते, मुलीला जीव लावते. ती बाहेर आली तर मी कुठे जाऊ?"

मी कितीतरी दिवस या बाईची भीती बाळगून होतो, आणि ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलेली निघाली. एका सेक्शनात एकच गाडी. एक बाहेर आली की दुसरी आत. हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता आणि तो बदलणं माझ्या हातात नव्हतं.

उजेड वाढला. तोंडाच्या कडेचं प्लास्टर पिवळं दिसायला लागलं. माझा उजवा हात नॉबवर होता, त्यावर तिने हात ठेवला. तो हात गरम होता. सुचेताचाच होता, अंगठ्यावर विळीचा जुना व्रण होता, मला प्रत्येक रेघ ओळखीची होती. तिने जोर केला की माझ्याच हाताने जोर केला, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. नॉब शून्यावर गेला.

चाकं थांबली. उजेड विझला. खोली इतकी शांत झाली की खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं ते ऐकू आलं.

मग बोगद्याच्या तोंडाशी, अगदी आत, वीतभर अंतरावर, पितळी कडी वाजली. आणि माझी सुचेता, तिच्या लेखी अकरा सेकंदसुद्धा न झालेलं वाक्य पुरं करत, नेहमीच्या घाईच्या आवाजात म्हणाली, "...आलेच."

मी नॉब फिरवायला बोटं हलवली. वरचा हात उचलला गेला नाही. साडेपाच वाजलेत, मी डाव्या हाताने हे लिहितोय, उजवा अजून तिच्या हाताखाली आहे. ती रडतेय आणि म्हणतेय, उद्या टेम्पो येईपर्यंत फक्त, तेवढंच बसा माझ्याजवळ. घराचं दार तिने येताना लावून घेतलंय.